मोटारसायकलच्या दरात मोटार

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, मान हलवली आणि विचारलं, "मोटारसायकल किती वर्षं चालवताय?" मी म्हटलं, "लग्नाच्या आधीपासून." ते म्हणाले, "मग आता बंद." इतकं सोपं करून सांगितलं त्यांनी. जणू काही मी हौसेखातर दोन जिल्हे पालथे घालत होतो.

जळगावच्या एका बियाणे कंपनीत मी फिरतीवर होतो. पूर्वेला मुक्ताईनगर, पश्चिमेला दोंडाईचा, मधला सगळा मुलूख माझा. मुलूख माझा म्हणजे त्यातले खड्डे माझे. दुकानदारांना भेटायचं, वसुली आणायची, गावोगावचे कपाशीचे प्लॉट बघायचे, शेतकऱ्यांचं ऐकून घ्यायचं. बियाणं उगवलं नाही तर शिव्या खायच्या, आणि उगवलं तर पावसाचं कौतुक ऐकायचं. हे सगळं मोटारसायकलवरून, मे महिन्यातसुद्धा, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. कंबरेतले दोन मणके त्यात कामी आले. सकाळी चपलेत पाय घालायला भिंतीचा आधार लागायला लागला, तेव्हा बायकोनं मला ओढत डॉक्टरांकडे नेलं होतं.

एस.टी.नं ही फिरती होत नाही. सकाळच्या गाडीनं गावात उतरलं की परतीची गाडी संध्याकाळी, म्हणजे दिवसाला एकच गाव. शेवटी पतपेढीतून कर्ज काढलं आणि धुळ्याच्या एका वकिलांची जुनी फियाट घेतली. गल्लीतल्या लोकांनी पेढे मागितले. साहेब झाले म्हणाले. कंबर मोडली म्हणून गाडी आली, हे कोणाकोणाला समजावणार? मुकाट्यानं पेढे वाटले.

कटकट त्यानंतर सुरू झाली. कंपनी आम्हाला किलोमीटरमागे पैसे द्यायची, पण तो दर मोटारसायकलचा. फियाटला पेट्रोल लागायचं चौपट. म्हणजे मी जितकं जास्त काम करणार तितका जास्त खड्ड्यात जाणार. पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरातलं दूध कमी झालं, पोरांच्या शिकवण्या बंद झाल्या, आणि मी मालकांसमोर जाऊन उभा राहिलो.

मालकांना कंपनीत सगळे शेठ म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर, पांढरी टोपी, पायांत कुरकुरणाऱ्या वहाणा. अमळनेरकडचे शेतकरी, मग अडत्ये झाले, मग बियाण्यांत शिरले. ऑफिसात पुढच्या खोलीत टाइपरायटर आणि गुळगुळीत टेबलं होती, मागच्या खोलीत मात्र गादी आणि लोड. शेठ मागच्या खोलीत बसायचे. तिथं जमिनीवर बसायचं म्हणजे माझ्या कंबरेला शिक्षाच. मी उभाच राहायचो, आणि उभ्या माणसाचं म्हणणं शेठ कधी मनावर घेत नसत.

मी सगळं सांगितलं. मणके, डॉक्टर, पेट्रोल. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहूर व्हतं तठेच शे ना, भाऊ? का लांब गयं?"

मी म्हटलं, "तिथंच आहे, शेठ."

"दोंडाईचा?"

"तेही तिथंच आहे."

"मंग?" म्हणाले. गावं होती तिथंच आहेत, तर दर का वाढवायचा, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यांच्या जागी तो बरोबरच होता. वर चहा पाजला. नाही म्हणाले नाहीत. नाही ते कधीच म्हणत नसत. "आखाजीले बठ्ठं ठरावसूत," म्हणाले, म्हणजे आखाजीला सगळं ठरवू.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. शेतावरच्या सालदाराचं नवं साल त्या दिवशी सुरू होतं. रोख किती, दादर ज्वारी किती, कपडे किती, वर्षाला जोडा एक की दोन, हे मालक आणि सालदार समोरासमोर बसून ठरवतात आणि मग वर्षभर त्यावर कोणी बोलत नाही. शेठनी कंपनी काढली, पण पद्धत तीच ठेवली. आमच्यात शेतकी कॉलेजचे पदवीधर होते, टाय लावणारा एक मॅनेजर होता. आखाजीला आम्ही सगळे रांगेनं मागच्या खोलीत जायचो आणि आपापलं साल ठरवून बाहेर यायचो. टायवाला मॅनेजर आत जाताना टाय खिशात घालायचा.

पहिल्या आखाजीला मी तयारी करून गेलो होतो. पेट्रोलच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं होतं. शेठनी पावत्या बाजूला सारल्या. म्हणाले, "दर राहू द्या. सालदाराला जोडा देतो, तसं तुमच्या गाडीला काहीतरी देऊ. काय पाहिजे, सांगा."

मी म्हटलं, "पेट्रोल पाहिजे."

"ते सोडून."

अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर मला सीटकव्हरं मिळाली. तीही शेठनी स्वतः पसंत केलेली, लालभडक मखमलीची. एप्रिल-मेच्या उन्हात जळगावच्या रस्त्यावर मखमलीवर बसून बघा. पाठीला घामोळं आलं. बायकोनं पावडर लावता लावता विचारलं, "हेच आणायला गेला होता का?" मला इतका राग आला की तिच्यावरच ओरडलो. राग शेठचा होता, पण शेठवर ओरडायची सोय नव्हती.

पुढचं वर्षभर मी दर महिन्याला शेठकडे गेलो, आणि दर महिन्याला त्यांनी आखाजी दाखवली. दुसरी नोकरी बघितली. दुसऱ्या कंपन्यांना मोटारसायकलवर बसणारी पंचविशीतली पोरं हवी होती. ऑफिसात बसून काम द्या म्हटलं, तर शेठ म्हणाले, "इथं बसून काय करणार? इथं बसायले मी शे ना." पतपेढीचे हप्ते थकले. तिथला माणूस आधी निरोप पाठवायचा, मग घरी यायला लागला. शेवटी बायकोनंच निकाल दिला. ह्या आखाजीला दर मिळाला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. गाडी विकली की पुन्हा मोटारसायकल, आणि मोटारसायकल म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऑपरेशन, तेही मुंबईला. म्हणजे माझी नोकरी त्या एका दिवसावर येऊन टेकली. मला तेव्हा भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त कंटाळा आला होता. तेच बोलणं, तोच चहा, तेच उभं राहणं.

आता आखाजीची दुसरी बाजू. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात. लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले असतात, घरोघरी सांजोऱ्या, आमरस, मांडे. पण बाईनं आपलं आपण यायचं नसतं. माहेराहून कोणीतरी न्यायला जावं लागतं. भाऊ, बाप, नाहीतर चुलता. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आणि हेच दिवस आमच्या बियाण्यांच्या हंगामाचे. सगळा इलाखा पिंजून काढायचे. त्यामुळे दारात माझी गाडी उभी राहिली की शेतकरी आधी गाडीकडे बघायचा, मग माझ्याकडे.

"तिकडं दोंडाईच्याकडं जाशाल ना भाऊ? आमनी पोरले लई या." म्हणजे आमच्या पोरीला घेऊन या.

नाही कसं म्हणायचं? वर्षानुवर्षं ज्याच्या ओट्यावर पाणी प्यालो, ज्याच्या खळ्यात बसून बियाण्याच्या ऑर्डरी घेतल्या, त्याच्या पोरीला गाडीत जागा नाही म्हणू? त्या वर्षी मी तीन-चार जणींना तरी आणलं असेल. मागच्या सीटवर पोरं, पिशव्या, एकदा तर शेळीचं करडू. मी कोणाचा कोणी नव्हतो, पण सासरच्या घरी मुऱ्हाळ्याचा मान मला मिळायचा. पाय धुवायला पाणी, गुळाचा चहा, जेवून जा म्हणून आग्रह. खरं सांगायचं तर त्या सगळ्या वैतागात तेवढीच गोष्ट मला आवडायची. कोणीतरी माझ्या गाडीची वाट बघत असायचं.

आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा शेठनी मला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला नाही. मी ओळखलं, काहीतरी कानावर गेलंय.

"गाडीत कोन कोन बसतं, भाऊ?"

मी सरळ सांगितलं. लपवून काय करणार होतो? म्हटलं, वाट माझी कामाचीच होती, एक किलोमीटर वाकडा गेलो नाही. मनात म्हटलं, झालं. आता दर तर वाढत नाहीच, आहे त्यातूनही कापतील. पतपेढीचा माणूस डोळ्यांपुढं आला.

शेठ बराच वेळ लोडावरची घडी सारखी करत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या धुळ्याले जाशाल?"

"काम असेल तर जाईन."

"देवपुरात मन्ही पोर शे. तिले लई या." आणि लगेच, जणू आधीचं वाक्य उघडं पडलं म्हणून त्यावर पांघरूण घालावं तसं, "ती आली, तर तुमचा दर पक्का. गाडीचा दर. आजपासून."

शेठना मुलगी आहे हे मला माहीत होतं. ती बऱ्याच वर्षांत आली नाही, हेही कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. का येत नाही, ते कोणी विचारत नसे. मी विचारलं, "नाही आली तर?"

शेठ म्हणाले, "मंग पुढली आखाजीले बोलू."

रस्ताभर मी मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. एरंडोल गेलं, पारोळा गेला. शेठचं वय झालंय, ताई. ते तुमची आठवण काढतात, ताई. ह्यातलं एक वाक्यही शेठ माझ्याशी बोलले नव्हते, पण मुऱ्हाळी रिकाम्या हातानं जातो आणि भरल्या तोंडानं बोलतो, हे मी शिकलो होतो.

देवपुरात घर सापडलं. ताई गच्चीवर कुरडया घालत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी खाली आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या असतील. मी कुठून आलो ते सांगितलं तर चेहरा बदलला नाही. बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आतून उंच खुर्ची आणली आणि म्हणाल्या, "कंबर?" मी म्हटलं, "हो." दोन वर्षांत शेठनी मला खुर्ची दिली नव्हती. तिथंच माझं भाषण संपलं.

तरी मी म्हणालोच, "शेठनी तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय."

"ते का नाही आले?"

मी कंबर सावरत खुर्चीवर टेकलो.

मग त्यांनीच सांगितलं, पाण्याचा तांब्या पुढं करत, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. लग्नात जावयाला स्कूटर द्यायचं ठरलं होतं. लग्न पार पडलं आणि शेठ म्हणाले, आखाजीला देतो. पहिली आखाजी गेली, दुसरी गेली. प्रत्येक आखाजीला ताई माहेरी जायच्या, आणि परत आल्या की सासू दारातच विचारायची, "ऊनी का स्कूटर?" आली का, म्हणून. आई होती तोवर आई माणूस पाठवायची म्हणून जात राहिल्या. आई गेली, आणि त्या वर्षापासून कोणी आलं नाही. "आता सासूबाई नाहीत," म्हणाल्या. "ह्यांनी स्वतःच्या पैशांनी स्कूटर घेतली, तीसुद्धा जुनी झाली. पण मला आखाजी म्हटलं की ते दारातलं विचारणंच आठवतं, भाऊ."

मला फक्त एवढं कळलं, की माझी आणि ह्या बाईची तारीख एकच होती.

"आणि तुमचं काय ठरलंय?" त्यांनी एकदम विचारलं. "आमचे आबा फुकट खेप करायला लावतील, पण फुकट कोणी करणार नाही. काय कबूल केलंय?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी दमलो होतो, अगदी आतून दमलो होतो, आणि समोर खुर्ची देणारं माणूस होतं. मी सगळं सांगितलं. मणके, पेट्रोल, सीटकव्हरं, पतपेढी. तुम्ही आलात तर दर पक्का, हेही सांगितलं. सांगताना मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढील, आणि काढलं तर बरोबरच आहे.

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "तुम्हालाही आखाजीच दाखवली?" म्हणाल्या. मग हात धुतले. "थांबा. कुरडया झाकून येते, ह्यांना निरोप ठेवते. एकाचं तरी मार्गी लागू दे."

नको म्हणायला हवं होतं का? असेल. मी म्हटलं नाही. खुर्चीवरून उठलो आणि गाडीतल्या पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे मखमल कोणी घातलं?" मी म्हटलं, "तुमच्या आबांनी." पुढं पारोळ्यापर्यंत त्या मधूनमधून हसत होत्या. एरंडोलच्या पुढं आरशात पाहिलं, तर खिडकीच्या काचेवर डोकं टेकून बाहेर बघत होत्या. झळा आत येत होत्या, पण त्यांनी काच वर केली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा शेठ ओट्यावर उभे होते. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. टोपी नवी होती. ताई खाली उतरल्या, पिशवी घेतली, दोन पावलं पुढं आल्या आणि थांबल्या. शेठ तिच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, दर पक्का."

दोन वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती. ते असं ऐकावं लागेल, तिच्या देखत, तिच्याआधी मला, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेच्या आधी हायसं वाटलं. हप्ते भरले जातील, कंबर वाचेल, हे आधी मनात आलं.

ताईंनी ते ऐकलं. पिशवी ओट्यावर ठेवली, पण पायरी चढल्या नाहीत. खालूनच माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आबा, यासनं ठरनं ना? आते मन्हं ठरावा."

शेठनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"स्कूटर नको माले," ताई म्हणाल्या. "काहीच नको. पुढली आखाजीले तुम्ही या. दुसराले धाडू नका. यष्टीमा बसीसन या, माले लेवाले."

मी शेठना ओळखत होतो. एस.टी.नं लेकीला न्यायला जायचं म्हटल्यावर आता ते गुडघ्यांचं सांगतील, मग उन्हाचं सांगतील, मग अर्ध्यावर येतील, पारोळ्यापर्यंत येतो म्हणतील. समोरच्यानं पहिल्यांदा सांगितलेला भाव त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता. मी वाट बघत उभा राहिलो. गाडीचं दार माझ्या हातात तसंच होतं.

"ईसू, बेटा," शेठ म्हणाले. येईन. तेवढंच. एक शब्द कमी करायला सांगितला नाही, एक अट घातली नाही. ते बाजूला सरकले, तिला आत यायला वाट देत.

ताई आत गेल्या. मागोमाग शेठ गेले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मला कोणी थांबायला सांगितलंही नाही. मी गाडीत येऊन बसलो. घरी जायला हवं होतं, बायकोला सांगायला हवं होतं, तरी बराच वेळ मी किल्लीच फिरवली नाही. दर मिळाला होता. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि तिनं मला आतल्या आत जो थकवा आणला तो कुठल्याही रस्त्यानं कधी आणला नव्हता. म्हणजे ह्या माणसाला हो म्हणता येत होतं.